तोटीचं भांडं

त्या वर्षी मला सगळ्यात जड जायचा तो जेवणाच्या सुट्टीनंतरचा इतिहासाचा तास. सहावीचं पुस्तक प्राचीन काळाचं. मी वाचून दाखवायचे, मुलं ऐकल्यासारखं करायची आणि शाळेच्या कुंपणाबाहेरून उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जायचे. गाणं संपेपर्यंत मी थांबायचे. पुन्हा वाचायला लागले की कुठपर्यंत आलो होतो ते मलाच आठवायचं नाही. मुलांना विचारावं तर त्यांनाही नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, शहादा आणि प्रकाशा या गावांच्या मधल्या एका गावातली. मी राहायचे लोणखेड्याला. पहाटे उठून आधी ह्यांचं सगळं आवरायचं. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, केळीच्या बागेत ठिबकची नळी जोडता जोडता अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एके काळी बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातली माणसं वळून बघायची, असा ह्यांचा आवाज. आता घशातून नुसती घरघर यायची. तोंड धुवायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, मग चोचीच्या कपाने पेज पाजायची. तो प्लॅस्टिकचा कप मेडिकलमधून आणला होता. तो दिसला की हे मान भिंतीकडे वळवायचे. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे, तर हे पुन्हा मान वळवायचे. शेवटी मी चिडायचे, मग मलाच वाईट वाटायचं, आणि तेवढ्यात बस चुकायची वेळ व्हायची. मुलगा सुरतेला नोकरीला. तो रोज व्हिडिओवर बोलायचा आणि रोज एकच विचारायचा, "पप्पा जेवले का?" दिवसभर शेजारच्या काकू येऊन बसायच्या. त्या नसत्या तर माझी नोकरी सुटलीच असती.

शाळेत गेल्यावर पोषण आहाराचे फोटो टाका, हजेरी ऑनलाइन भरा, कसल्याशा प्रशिक्षणाची लिंक उघडा, नेट नसलं तर गच्चीवर जा. थकले, असं मी कुणाला म्हटलं नाही. कुणी विचारलं की "चाललंय" म्हणायचे. तेवढंच बोलायला ताकद लागायची नाही.

अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, हे बठ्ठं दुसरीकडेच का झालं? आपल्या गावात तेव्हा कोणी नव्हतंच का?"

मुलांची भाषा अशीच. पुस्तकाची मराठी आणि घरची अहिराणी एकाच वाक्यात, बठ्ठं म्हणजे सगळं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आठवलं की प्रकाशाला तापीकाठी पूर्वी खोदकाम झालं होतं, जमिनीखालून फार जुन्या वस्तीच्या खुणा निघाल्या होत्या. ही मुलं त्या वाटेने देवळात कितीदा तरी गेलेली, नारळ फोडून, संगमावर पाय बुडवून आलेली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं, कारण पुस्तकात ते नव्हतं. लोणखेड्याच्या एका कॉलेजात इतिहासाच्या विभागाने एक खोली केली होती. आसपासच्या शेतांतून नांगरताना निघालेल्या, लोकांनी आणून दिलेल्या वस्तू तिथे ठेवल्या होत्या. मी रोज त्या कॉलेजवरून जायचे. आत कधी गेले नव्हते.

मी मुलांना म्हटलं, "होतं की. चला, दाखवते."

बोलून तर बसले, पण पुढचं सगळं निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले. सहलीची परवानगी, पालकांच्या सह्या, मुख्याध्यापकांची काळजी. एका पालकाने ट्रॅक्टरची ट्रॉली देतो म्हटलं, पण शाळेच्या कामाला ट्रॉली चालत नाही. शेवटी नेहमीच्या एसटीनेच जायचं ठरलं. कंडक्टरने मुलांची रांग पाहून कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच उतरून लहानांना वर चढवलं.

कॉलेजातले सर तरुण होते, तासिका तत्त्वावर शिकवणारे. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्यांना माहीत नसायचं. त्या खोलीची किल्ली मात्र त्यांच्याकडे होती आणि धूळही तेच पुसत. त्यांनी दार उघडलं. लांबट खोली, काचेची कपाटं, एक ट्यूबलाइट फडफडत होती. मुलं आत शिरली आणि पाचेक मिनिटांत त्यांचे चेहरे उतरले. त्यांना तलवारी हव्या होत्या. सोन्याचे हंडे हवे होते. इथे खापराचे तुकडे, झिजलेला दगडी पाटा, मातीचे गोळे, बारीक मणी.

"बाई, हाई ते फुटेल शे बठ्ठं," एक मुलगी म्हणाली. हे तर सगळं फुटकंच आहे.

मी इतकी दमले होते की मला तिचं म्हणणं पटलं. मी खुर्चीत बसले. सर माझ्याकडे बघून हसले, त्यांनी एक कपाट उघडलं आणि वस्तू एकेक करून मधल्या टेबलावर, सतरंजीची घडी घालून तिच्यावर मांडल्या.

"मॅडम, हात लावू देतो," ते म्हणाले. "पण खाली बसून, दोन्ही हातांनी धरायचं. आणि मी नाव सांगणार नाही. हे काय असेल ते ज्याने त्याने आपल्या घरात आठवून सांगायचं."

मग खोलीत जीव आला. मातीच्या गोळ्याला आरपार भोक होतं. तो हातात येताच तापीकाठच्या भोई वस्तीतला मुलगा ओरडला, "मन्हा बापना जायाले असाच गोया शेतस!" त्याच्या बापाच्या जाळ्याला असेच गोळे असतात, फक्त आता ते शिशाचे. सर म्हणाले, असू शकतं, काही जण तसंच मानतात, काही जण म्हणतात गोफणीचे. त्यावरून दोन गट पडले. पाट्याभोवती मुली बसल्या. त्यांनी दगडाचा खोलगट भाग हाताने चाचपून पाहिला आणि एकीने खरंच वाटायचा आव आणला. कुठल्या बाजूने वाटत असतील, बसून की उभ्याने, यावर त्यांचं बराच वेळ चाललं.

"किल्ले बांधले त्याच्या आधीचं आहे का हे?" कोणीतरी विचारलं.

"खूप आधीचं."

"लाइटच्या आधीचं?"

"लाइटच्या तर आहेच. लोखंडाच्याही आधीचं असेल यातलं काही."

यावर ती मुलं पहिल्यांदा गप्प झाली. लोखंड नाही म्हणजे विळा नाही, तवा नाही, नांगराचा फाळ नाही. त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक वस्तू उचलली जात होती आणि ती मनातल्या मनात घर रिकामं करत होती. मी खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होते. वर्षभरात माझ्या एकाही तासाला ती अशी बसली नव्हती.

शेवटी सरांनी एक लहान भांडं ठेवलं. ओंजळीत मावेल एवढं, लालसर मातीचं, एका बाजूला काठ उडालेला. दुसऱ्या बाजूला बारीक तोटी. कपाटातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तोटी असलेले लहान भांडे. वापर अनिश्चित.'

तेल ओतायचं, कोणी म्हणालं. देवाच्या अभिषेकाचं, दुसरं. बाळाला दूध पाजायचं, तिसरी म्हणाली, तिच्या घरी नुकताच भाऊ झाला होता. सर प्रत्येकाला "असेल" म्हणत होते. माझी नजर त्या तोटीवरून हलत नव्हती. सकाळी ज्याच्याशी झटापट करून आले होते तो कप मला दिसत होता.

तेव्हा दाराजवळ उभी असलेली एक मुलगी बोलली. ती पावरा आदिवासी घरातली, धडगावकडच्या डोंगरातून आई-बापाबरोबर खाली आलेली. बाप एका शेतकऱ्याकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी होता. घरी पावरी बोलायची, रस्त्यावर अहिराणी शिकली होती, आणि शाळेत बहुतेक गप्प असायची. वर्गात तिने हात वर केल्याचं मला आठवत नाही.

"दुखणाईत माणूसनं शे ते," ती म्हणाली. आजारी माणसाचं आहे. "पडेल माणूसले पानी पाजाले."

सरांनी मान हलवली. "तेही असेल."

ती थोडी पुढे आली. भांड्याला तिने हात लावला नाही. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "मंग तो बरा व्हयना का, बाई?"

मग तो बरा झाला का.

मुलं हसली नाहीत. सगळी माझ्याकडे बघायला लागली, जणू मला ते माहीतच असणार. हजारो वर्षांपूर्वीचा, ज्याचं नावगाव कोणाला ठाऊक नाही, जो होता की नव्हता याचीही खात्री नाही, असा एक माणूस नदीकाठच्या झोपडीत पडलेला, आणि कोणीतरी त्याचं डोकं वर धरून त्याच्या ओठांना तोटी लावतंय. त्याचं पुढे काय झालं. मला "माहीत नाही" एवढंच म्हणता आलं. माझा आवाज बिघडलेला सरांच्या लक्षात आला असावा. त्यांनी मुलांना मण्यांकडे वळवलं.

परत येताना बसमध्ये मी त्या मुलीला शेजारी बसवून घेतलं. "तू असं का विचारलंस गं?"

मग म्हणाली, "माय निजेलच ऱ्हास. मी किटलीघाई पानी पाजस."

आई झोपूनच असते. मी किटलीने पाणी पाजते. तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी आधी नुसतं "हो का" म्हणाले. मग एकेक विचारत गेले. आईला मूल झालं होतं, तेव्हापासून ती उठली नव्हती. बाळ होतं, बरं होतं. बाप दिवसभर रानात. डॉक्टरला दाखवलं का विचारलं तर म्हणाली, वर गावाकडे नेणार आहेत, तिथला मंत्र घालणारा बाबा बघेल. कधी नेणार? होळीला.

होळी अजून बरीच लांब होती.

त्या संध्याकाळी घरी आले. काकू चहा ठेवून गेल्या होत्या. मी ह्यांच्या पलंगाजवळ जमिनीवरच बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि बोलत सुटले. आमच्या घरात आधी हे बोलायचे आणि मी ऐकायचे. झटक्यानंतर बोलणंच बंद झालं होतं. एकटीनेच बोलायचं तर बोलायचं काय? त्या दिवशी मात्र मी सगळं सांगितलं. कंडक्टर, फडफडणारी ट्यूबलाइट, जाळ्याचे गोळे, ते भांडं. त्या मुलीने काय विचारलं तेही सांगितलं.

ह्यांनी डावा हात उचलला आणि कपाकडे बोट केलं. मला वाटलं पाणी हवंय. पण त्यांनी मान हलवली. घशातून काहीतरी काढायचा प्रयत्न चालला होता.

"कि...ती?"

"किती काय? किती जुनं?"

मान हलली. हो.

"सर म्हणाले, लोखंडाच्याही आधीचं असेल."

ते कपाकडे बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून विचित्र आवाज यायला लागला, खांदा हलायला लागला. मी घाबरून उठले, ठसका लागला असं वाटलं. पण ते हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला. त्या रात्री पेज पाजताना त्यांनी मान भिंतीकडे वळवली नाही. दुसऱ्या दिवशी वळवली. तिसऱ्या दिवशी नाही. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही, भांडी घासायची राहिली होती.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला खरं तर घरीच जायचं होतं. बस समोर उभी होती आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तू ये निवांत. मी शे ना आठे." मी आहे ना इथे. मग मी गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या बाईंना, बरोबर घेतलं आणि त्या मुलीच्या मागे मागे रानात गेले.

विहिरीजवळ मोटारीची खोली होती, तिथेच ते राहत. आत स्टार्टरची पेटी, खताच्या रिकाम्या गोण्या, आणि गोधडीवर ती बाई. वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान असेल. ओठ पांढरे, पावलं सुजलेली. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं होतं. उशाशी ॲल्युमिनियमची किटली. मुलगी आत गेली, आईचं डोकं एका हाताने उचललं, किटलीची तोटी ओठांना लावली, आणि आईने दोन घोट घेतल्यावर आपल्या फ्रॉकने तिची हनुवटी पुसली. मी हे घरी रोज करत होते. पण मी ते कधी बाहेरून पाहिलं नव्हतं.

आशाताईंनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली. "मॅडम, हिच्या अंगात रक्तच नाही. हिला आजच हलवायला पाहिजे."

बाप आला. तो ऐकेना. दवाखान्यात गेलेली माणसं परत येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तो पावरीत बायकोशी बोलत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मुलीला म्हटलं, तू सांग त्याला. काय सांगू, तिने विचारलं. शेवटी मी म्हटलं, सांग, माझा माणूसही असाच पडून आहे, त्याला दवाखान्यात नेला म्हणून तो जिवंत आहे. मुलगी ते बापाला सांगायला लागली. ती खूप वेळ बोलली, मी सांगितलं त्याहून कितीतरी जास्त. मधे तिने हातांनी एका लहान भांड्याचा आकार करून दाखवला. बाप उकिडवा बसून ऐकत होता. तो हो म्हणाला नाही. पण ॲम्ब्युलन्स बांधापर्यंत आली तेव्हा त्याने बायकोला उचलून स्वतः आणलं.

नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात तिला रक्त दिलं. मुलगी बरेच दिवस शाळेत आली नाही, आणि मी रोज हजेरी घेताना दाराकडे बघायचे. मग एका सोमवारी ती आली, नेहमीच्या जागी बसली आणि जेवायला बसायच्या आधी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माय उठनी."

आई उठली. मी "छान" म्हणाले आणि पोषण आहाराचा फोटो काढायला गेले, कारण तो वेळेत टाकला नाही तर विचारणा होते. फोटो हलला. दुसरा काढला, तोही हलला.

होळीला ते सगळे वर डोंगरात गेले. खाली आलेच नाहीत. बापाने दुसरीकडे, विसरवाडीकडे कुठेतरी काम धरलं असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं गुजरातेत गेले. मी तिकडच्या एका ओळखीच्या मास्तरांना फोन करून विचारलं, अशी मुलगी तुमच्या शाळेत आली का. त्यांच्याकडे अशा पुष्कळ मुली होत्या. वर्ष संपेपर्यंत तिचं नाव हजेरीत राहिलं आणि मी ते पुकारत राहिले. मग पुढच्या वर्गातून ते आपोआप गळलं.

हे आता काठी धरून अंगणापर्यंत जातात. डाव्या हाताने पेल्यातून चहा पितात, निम्मा सदऱ्यावर सांडतो. शब्द थोडे आलेत, त्यातले बरेच शिव्या. काकू म्हणतात, शिव्या आल्या म्हणजे माणूस आला. मी अजून पहाटेच उठते.

पुढच्या वर्षी नव्या सहावीला घेऊन जावं म्हणून कॉलेजात फोन केला, तर ती खोली परीक्षेच्या कामाला घेतल्याचं कळलं. वस्तू खोक्यांत भरून ठेवल्यात. तरुण सरांची नेमणूक पुढे झाली नव्हती. ते नाशिककडे गेले होते, कोचिंग क्लासमध्ये. मी त्यांना फोन लावला, त्यांनी माझी विचारपूस केली, मुलांची केली, आणि मग त्यांच्या क्लासची वेळ झाली. मी पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवायला लागले. ट्रॅक्टर जात होते.

गेल्या महिन्यात शाळेमागे नळाच्या पाइपासाठी चर खणून ठेवला आणि माणसं तो तसाच टाकून निघून गेली. सुट्टीत सगळी मुलं चरात. मी ओरडायला म्हणून गेले. एकाच्या हातात मातीने भरलेलं काहीतरी होतं आणि बाकीची त्याच्याभोवती कोंडाळं करून होती. मला बघून त्याने ते पाठीमागे लपवलं नाही, वर धरलं.

"बाई, हाई काय शे?"

पत्र्याची गोल टोपी, गंजलेली, कडेला बारीक भोकं, वर एक कडी. मला ओळखू आलं. कंदिलाचं वरचं झाकण. या मुलांनी कंदील पाहिलेला असणं शक्य नव्हतं. सांगून टाकावं आणि सगळ्यांना वर्गात हाकलावं असं वाटलं, मुख्याध्यापक खिडकीतून बघतच होते. पण उन्हाने आणि दिवसाने मी इतकी थकले होते की मला ओरडायचाही कंटाळा आला. तिथे एक बादली पालथी पडली होती. मी तिच्यावर बसले.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

चहाची गाळणी, एक म्हणाला. कोंबडीच्या पिलांवर झाकायचं. मोटारसायकलचा पार्ट. त्यांच्यात भांडण लागलं.

"मग ज्यांना माहीत असेल त्यांना विचारून या," मी म्हटलं. "गावात म्हातारी माणसं काय कमी आहेत?"

ती चरातून भराभर वर चढली आणि झाकण पुढे धरून फाटकाकडे पळाली, निम्मी अनवाणी. रस्ता तापला होता. मी बसल्या जागेवरून हाक मारली, "अरे, चपला घाला!" एकानेही ऐकलं नाही.